स्क्रोल सॉसाठी लाकूड निवडताना: मुंबईकर नवशिक्यांसाठी

स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्याने लाकडात नक्षी कापायचं मशीन, घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं लाकूड आणू? उत्तरादाखल बहुतेक जण झाडाचं नाव सांगून मोकळे होतात. कोणी पाइन म्हणतं, कोणी सागवानाशिवाय बोलायलाच तयार नसतं. माझ्या मते झाडाचं नाव हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या: नक्षीतला सगळ्यात बारीक भाग किती बारीक आहे, लाकडाची रेषा (म्हणजे फळीवर दिसणारी तंतूंची दिशा) त्या भागात कुठे जाणार आहे, आणि लाकूड खरोखर सुकलेलं आहे का. मुंबईत तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. ओलं सागवान नव्या माणसाला जेवढा त्रास देतं, तेवढा सुकं साधं पाइन कधीच देत नाही.

या लेखात त्याच क्रमाने जाऊ.

आधी मशीन बघा

लाकूड विकत घेण्याआधी आपलं मशीन काय कापू शकतं ते समजून घ्या. घरगुती स्क्रोल सॉचं पातं साधारण ५ इंच लांब असतं आणि ते दोन प्रकारचं येतं. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, दुसऱ्याची टोकं सपाट असतात. पिनवालं पातं लावायला सोपं. पण जाळीतल्या आतल्या खिडक्या कापताना ते छिद्रातून ओवावं लागतं, आणि पिन आत जायची तर छिद्र चांगलं ४-५ मिलिमीटरचं लागतं. सपाट टोकाचं पातं दीड मिलिमीटरच्या छिद्रातूनही जातं. म्हणजे तुमचं मशीन फक्त पिनवालं पातं घेत असेल, तर बारीक जाळीकामाचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि मोठ्या आकारांची कामं निवडा: कोडी, प्राण्यांचे आकार, चावी अडकवायची पट्टी. अशा कामांना जाड आणि जरा मऊ लाकूड चालतं. सपाट पात्याचं मशीन असेल तर ३ ते ६ मिलिमीटरची पातळ फळी किंवा प्लाय तुमच्यासाठी खुली आहे.

बहुतेक मशीनच्या पुस्तकात दोन इंच जाडीपर्यंत कापता येतं असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण सुरुवातीला पाऊण इंचाच्या वर जाऊ नका. जाड लाकडात पातं मधेच बाक घेतं आणि वरची कड बरोबर आली तरी खालची तिरकी येते.

रेषेचं गणित: नावाच्या पाटीवरून समजून घेऊ

मराठी घरात स्क्रोल सॉ आलं की दारावरची देवनागरी पाटी होणारच. ही पाटीच लाकडाची निवड सगळ्यात चांगली शिकवते, म्हणून इथे जरा थांबू.

लाकूड रेषेच्या दिशेने बळकट असतं आणि आडव्या दिशेने दुबळं. पट्टी रेषेला समांतर कापली तर ती वाकते पण तुटत नाही. रेषेला काटकोनात कापली तर बोटाच्या दाबाने कटकन मोडते. आता ‘कुलकर्णी’ हे नाव घ्या. वर फूटभर लांब शिरोरेषा, जेमतेम ८ मिलिमीटर रुंद. ती टिकायची तर लाकडाची रेषा शिरोरेषेच्या दिशेनेच हवी. पण मग खाली उतरणारे सगळे काने रेषेला आडवे पडले. ‘क’ आणि ‘ल’ यांचे काने अक्षराच्या बाकीच्या भागाला मधे जोडलेले असतात, त्यामुळे त्यांना थोडा आधार मिळतो. ‘ण’चं तसं नाही. ग, ण, श या अक्षरांचा काना सुटा असतो, तो फक्त शिरोरेषेला लटकतो. साध्या ६ मिलिमीटर पाइनमध्ये असा काना कापला तर पॉलिश पेपर मारतानाच हातात येईल. वरचा रफार आणि दुसरी वेलांटी यांचीही तीच गत, त्यांची मान तर आणखी बारीक. आणि रेषा उभी घेतली तर काने वाचतात, पण शिरोरेषा तीन ठिकाणी तुटते.

याचा अर्थ असा की सुटी अक्षरं कापून काढायची असतील तर अस्सल लाकूड ही चुकीची निवड आहे, मग ते कितीही महागाचं असो. इथे प्लाय घ्यायचा. प्लायमधले पदर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे शिरोरेषा आणि काना दोघांनाही कुठल्या ना कुठल्या पदराचा आधार मिळतो. ६ मिलिमीटरचा पाच पदरी प्लाय, वरच्या पदराची रेषा शिरोरेषेच्या दिशेने, आणि मागे अस्सल लाकडाची फळी ही जोडी मला सगळ्यात योग्य वाटते. फळी सागवानाची किंवा शिवणीची घेतली की पाटीला रूपही येतं.

लाकडातच अक्षरं हवी असा हट्ट असेल तर नक्षी बदला: काना, मात्रा, शिरोरेषा सगळं किमान १२ मिलिमीटर रुंद आणि लाकूडही तेवढंच जाड. ‘सावंत’, ‘शिंदे’ अशा नावांतला अनुस्वार कशालाच जोडलेला नसतो. तो वेगळा कापून मागच्या फळीवर चिकटवावा लागतो, म्हणून त्याच तुकड्यातलं थोडं लाकूड राखून ठेवा. दुसऱ्या तुकड्यातून काढला तर रंगाचा फरक दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

हेच गणित तोरणातल्या पानांना, मोराच्या मानेला, हत्तीच्या सोंडेला लावा. नक्षीच्या कागदावर सगळ्यात बारीक जागा पेन्सिलने गोल करून ठेवा आणि मगच ठरवा: त्या सगळ्या एकाच दिशेला जात असतील तर अस्सल लाकूड चालेल, चारी दिशांना पसरल्या असतील तर प्लाय.

जाडी आणि सूत

वखारीत मिलिमीटर चालतात, पण मिस्त्री आणि जुने दुकानदार सुतात बोलतात. १ इंच म्हणजे ८ सूत. दोन सूत म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण. ‘चार सूत जाडीची, दोन्ही बाजूंनी रंधा मारलेली’ असं सांगितलं की पुढचा समजतो. मात्र इंचाची कच्ची फळी रंधा मारून इंचाची राहत नाही, १८ ते २० मिलिमीटरच भरते. त्या हिशोबाने मागा.

दागिने, जाळी, दिवाळीच्या कंदिलाच्या बाजू यांना ३ ते ४ मिलिमीटर. पाटीची अक्षरं आणि भिंतीवरची चित्रं ६ मिलिमीटर. लहान मुलांच्या हातात जाणारी, स्वतःच्या बळावर उभी राहणारी कोडी १८ मिलिमीटर. जाडीवरून पातं ठरतं: एका वेळी पात्याचे किमान तीन दात लाकडात असले पाहिजेत, नाहीतर पातळ फळी उड्या मारते आणि खालची कड फाटते. पात्याचा नंबर जितका लहान तितकं पातं बारीक. पातळ प्लायला २ किंवा ३ नंबर, अर्धा-पाऊण इंच लाकडाला ५ नंबर, त्याहून जाड किंवा कठीण लाकडाला ७. नवशिक्याने ५ नंबरची दोन-तीन डझन पाती घेऊन ठेवावीत, कारण ती तुटतात आणि ते साहजिकच आहे.

ओल: मुंबईतला खरा शत्रू

लाकूड हवेतली आर्द्रता सतत घेतं आणि सोडतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत बरेच दिवस पडलेल्या लाकडात सुक्या वजनाच्या १६-१८ टक्के पाणी मुरतं. तेच लाकूड एसीच्या खोलीत भिंतीवर गेलं की ते ९-१० टक्क्यांवर येऊन स्थिरावतं. या दोन आकड्यांमधल्या प्रवासात फळी आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, पण रेषेच्या आडव्या रुंदीत दिसण्याइतका: सहा इंच रुंद सागवानी फळी एक ते दीड मिलिमीटरने अरुंद होऊ शकते, आणि सागवान तर कमी हलणाऱ्या, म्हणजे ओलीने कमी फुगणाऱ्या-आकसणाऱ्या लाकडांत मोडतं. बीच नावाचं परदेशी लाकूड याच्या दुप्पट हलतं. फळी एका बाजूने जास्त सुकली तर ती बाक घेते. आणि जाळीकामात लाकूड ठिकठिकाणी पोकळ झालेलं असल्याने हा बाक आणखी वाढतो.

‘सुकं आहे का?’ असं वखारीत विचारलं तर उत्तर ‘एकदम सुकं’ असंच येणार. स्वतः तपासायला शिका. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन टोकं लाकडात रुतवली की ते टक्के दाखवतं. वारंवार लाकूड घेणार असाल तर ते घ्याच. पण सुरुवातीला स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही पुरतो. आणलेली फळी वजन करा, आकडा पेन्सिलने फळीवरच तारखेसह लिहा आणि दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोला. फूटभर लांब, सहा इंच रुंद, चार सूत जाडीची पाइनची फळी साधारण पावणेतीनशे ग्रॅम भरते. तिच्यातली ओल १७ टक्क्यांवरून १२ वर आली तर वजन दहा-बारा ग्रॅमने उतरतं. एका ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ते अगदी स्वच्छ दिसतं. आकडा सलग आठवडाभर हलला नाही की ती फळी तुमच्या घराच्या हवेला मुरली असं समजा. त्याआधी नक्षी चिकटवू नका.

मुरवायची जागा म्हणजे जिथे तयार वस्तू राहणार तीच खोली. गॅलरी नको, तिथे पावसाची झड येते. बाथरूमच्या भिंतीला लागून नको. फळ्या थेट जमिनीवर रचू नका, कारण खालची बाजू हवेला उघडी राहत नाही. सगळ्यात खालच्या फळीखाली आणि दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या घाला, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळेल, आणि सगळ्यात वर थोडं वजन ठेवा. उन्हात वाळवायचा मोह टाळा. मे महिन्याच्या उन्हात फळी एका बाजूने तापते आणि टोकांना भेगा पडतात.

शक्य असेल तर वर्षाचं लाकूड फेब्रुवारी ते मे या काळात घ्या. वखारीतला माल तेव्हा त्यातल्या त्यात कोरडा असतो. पावसाळ्यात घ्यावंच लागलं तर भट्टीत सुकवलेला माल मागा आणि तरीही वजनाची परीक्षा चुकवू नका, कारण भट्टीतून आठ-दहा टक्क्यांवर आलेलं लाकूड उघड्या शेडमध्ये महिनाभर राहिलं की पुन्हा पाणी पितं.

कोड्यांसाठी एक खास सूचना. एकमेकांत अडकणारे तुकडे पावसाळ्यात घट्ट होतात. नुसत्या एका पात्याच्या फटीवर विसंबू नका. जाड लाकडाच्या कोड्याला ७ नंबरचं पातं वापरा म्हणजे फट जरा रुंद पडते, आणि कापून झाल्यावर सगळ्या कडांना तेल किंवा पॉलिश द्या.

आता झाडाचं नाव

मराठी घरात लाकूड म्हणजे सागवान, आणि या प्रेमाला आधार आहे. सागवान कमी हलतं, त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पॉलिश सुरेख बसतं. दाराबाहेरच्या पाटीची फळी, तुळशीजवळची वस्तू, देवघराची जाळी अशा कामांना मी दुसरं लाकूड सुचवणार नाही. पण शिकायला ते चांगलं नाही. सागवानात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि त्यामुळे पात्याची धार लवकर जाते. त्यात तेल असतं, त्यामुळे गोंद धरत नाही. चिकटवण्याआधी ती जागा थिनरने पुसून घ्यावी लागते. फळीच्या कडेचा पांढरट भाग गाभ्याइतका टिकाऊ नसतो, तो किडीला बळी पडतो. म्हणून पैसे गाभ्याचे मोजत असाल तर पांढऱ्या पट्ट्याची फळी परत करा.

पहिल्या महिन्यासाठी माझी निवड पाइन. त्यातही न्यूझीलंडहून येणारं पाइन, कारण त्याचा पोत बऱ्यापैकी सारखा असतो. पाइनमध्ये मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात. मऊ पट्ट्यात पातं पळतं, कठीण पट्ट्यात अडतं, त्यामुळे रेषेला तिरकी वळणं घेताना हात सावध ठेवावा लागतो. हा सराव पुढे सगळीकडे उपयोगी पडतो. गाठी मात्र टाळा. गाठ कठीण असते, तिच्यात चीक असतो, आणि ती सुटून पडली तर नक्षीत भोक राहतं.

शिवण मिळाली तर सोडू नका. फिकट पिवळसर, हलकी, कापायला मऊ, आणि एकदा सुकली की फारशी हलत नाही. कोकणात आणि पालघरच्या बाजूला ती ओळखीची आहे, मुंबईच्या वखारीत मात्र चौकशी करावी लागते. गावाकडून कोणी आणून देणार असेल तर फळ्या पाडून किमान वर्षभर सावलीत सुकलेली मागा. मुलांच्या खेळण्यांसाठी मला हिच्याइतकं आवडणारं लाकूड नाही. हेदूही असंच बारीक, सारख्या पोताचं, पिवळं लाकूड आहे. त्यात बारीक जाळीची कड फार सुबक निघते.

स्टीम बीच, म्हणजे वाफ दिलेलं बीच, मुंबईत सहज मिळतं. गुलाबी छटा, बारीक ठिपके, पोत एकसारखा, त्यामुळे पातं भरकटत नाही. पण कठीण आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे ओलीने हलतं. घाई केली की कड जळून तपकिरी होते. त्यावर एक सोपा उपाय आहे: नक्षी चिकटवण्याआधी किंवा नंतर फळीवर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी लावा. पातं तिच्यातून जाताना घर्षण कमी होतं आणि जळणं बरंच थांबतं. कुठल्याही कठीण लाकडाला हा उपाय लागू पडतो.

आंब्याचं लाकूड स्वस्त, आणि सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे आपल्याला जवळचं. पण त्याच्या रेषा उलटसुलट जातात, कड फाटते, आणि त्याला कीड फार लवकर लागते. फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं आणि त्यातून गळणारी पिठासारखी भुकटी दिसली तर ती फळी घरात आणूच नका. तो किडा घरातल्या इतर लाकडातही शिरतो. शिसव दिसायला देखणं, पण जड आणि कठीण. कानातले, पदक अशा छोट्या वस्तू ३-४ मिलिमीटरमध्ये करायच्या असतील तरच घ्या. बाभळीच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये.

प्लाय आणि एमडीएफ

प्लाय घेताना शीटवरचं कंपनीचं नाव नंतर वाचा, आधी कड बघा. ६ मिलिमीटरमध्ये पाच पदर दिसले तर चांगला. दोन पातळ पदरांमध्ये एकच जाडजूड पदर असेल तर सोडा. कडेला फटी, काळी भोकं दिसतात का ते निरखा. आतल्या पोकळीवर पातं आलं की तो तुकडा उडतो, आणि हे नेमकं बारीक जागीच होतं. बोटाच्या पेराने शीटवर ठोकत जा. मधेच आवाज पोकळ आला तर तिथे पदर सुटलेला आहे.

नव्या माणसाला दुकानदार मरीन प्लाय देऊ पाहतो. त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो, साध्या वापराच्या प्लायवर आयएस ३०३. मरीन प्लाय पाण्यात टिकावा म्हणून त्याचा गोंद वेगळा, कडेला गडद रेघांत दिसणारा. तो पात्याला फार लवकर बोथट करतो. घरातल्या भिंतीवरच्या कामाला त्याची काही गरज नाही. पॉपलरचा गाभा असलेला हलका प्लाय स्क्रोल सॉवर लोण्यासारखा कापला जातो. बर्च प्लाय सगळ्यात सरस, पदर भरपूर आणि आत पोकळी जवळपास नाही, पण किंमत तशीच. तो भेट म्हणून द्यायच्या कामासाठी ठेवा.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांसाठी बरेच जण प्लायकडे वळले. मखराचं काम नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे सगळ्यात दमट दिवसांत होतं. त्यासाठी ४ मिलिमीटर प्लाय घ्या, एमडीएफ नको. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड. त्याला रेषा नसते, कुठल्याही दिशेला सारखं कापलं जातं, रंग छान बसतो, स्वस्त आहे. पण कडेने पाणी शोषून फुगतं आणि फुगलेलं पुन्हा बसत नाही. शिवाय त्याच्या भुकटीत गोंदातलं फॉर्माल्डिहाइड नावाचं घातक रसायन येतं. वन बीएचकेमध्ये जेवणाच्या टेबलाशेजारी मशीन असेल तर मी एमडीएफ घरात आणू नका असंच सांगेन.

मुंबईत कुठे मिळेल

अस्सल लाकडासाठी रे रोडच्या लाकूडबाजारात जा. भाव घनफुटाला असतो. हिशोब सोपा: लांबी फुटात, रुंदी इंचात, जाडी इंचात घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. तीन फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे १८ भागिले १४४, अर्थात घनफुटाचा आठवा भाग. स्क्रोल सॉचं काम एवढ्याशा मालात महिनाभर चालतं, पण मोठ्या वखारीला एवढं छोटं गिऱ्हाईक नको असतं. म्हणून सकाळच्या गर्दीत जाऊ नका आणि थेट कटपीस मागा: ‘दादा, चार सूत, सहा सूत जाडीचे तुकडे पडलेत का? हस्तकलेसाठी हवेत.’ वखारीत असे तुकडे बहुधा पडलेले असतातच. रंधा तिथेच मारून घ्या. घरी हाताने जाडी सारखी करणं नव्या माणसाला जमत नाही.

तुमच्या इमारतीत कोणाच्या घराचं काम चालू असेल तर तिथल्या मिस्त्रींना भेटा. प्लायचे हातभर तुकडे दिवसाअखेर गोणीत जातात. प्रेमाने मागितले तर मिळतात. पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचं असतं आणि ते लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून घ्यायचंच असेल तर दुकानातच दोन बाय दोनचे तुकडे करून मिळतील का ते आधी विचारा. पाती, ड्रिलचे बारीक बिट, चिमटे यांच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची नागदेवी स्ट्रीट.

जुन्या लाकडाचा मोठा साठा या शहरात आहे. चाळी, वाडे पाडले जातात तेव्हा निघालेल्या दारं-खिडक्यांत अनेकदा बर्माचं सागवान असतं, दशकानुदशकं मुरलेलं. जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यातल्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आणि चोर बाजारात अशी दारं, फळ्या दिसतात. या लाकडाची मला मनापासून ओढ आहे, कारण ते आता हलायचं तेवढं हलून झालेलं असतं. दोन खबरदाऱ्या घ्या. पूर्ण फळीवर लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा पातं तर तोडतोच, तुकडा डोळ्याकडेही येऊ शकतो. आणि जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातलं शिसं १० लाख भागांत ९० भागांपर्यंत आणण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत किती शिसं आहे ते नजरेने कळत नाही. असा रंग वखारीतल्या मोठ्या रंध्याखाली काढून मगच फळी घरी आणा.

बंदराचं शहर असल्याने पॅकिंगच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूडही भरपूर. त्यावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि इंग्रजी अक्षरांचा ठसा असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली. हे लाकूड वापरा. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली, ते नको. ठसा नसलेलं किंवा तेल-रसायनांचे डाग असलेलंही नको, मुलांच्या वस्तूंसाठी तर मुळीच नको.

फळी हातात घेतली की कडेकडून एका डोळ्याने लांबवर बघा: बाक, पीळ लगेच कळतो. टोकांची भेग फळीत किती आत गेली आहे ते पाहा आणि तेवढा भाग हिशोबातून वजा करा.

भुकटी

स्क्रोल सॉचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि हवेत तरंगत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची भुकटी कर्करोगाला कारण ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली. एन ९५ मास्क आणि चष्मा लावूनच बसा. सागवान आणि शिसव यांच्या भुकटीने काहींच्या अंगाला खाज सुटते, नाक वाहतं. तसं होत असेल तर त्या लाकडाचा नाद सोडून पाइन, शिवणीकडे या. पंखा बंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि काम झाल्यावर झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

शेवटची परीक्षा: चाचणीचा तुकडा

नक्षी चिकटवण्याआधी त्याच फळीच्या कडेचा चार बोटं तुकडा कापून घ्या. त्यावर पेन्सिलने तीन रेघा काढा: एक रेषेच्या दिशेने, एक आडवी, आणि एक रुपयाच्या नाण्याभोवती गोल. तिन्हींवर मशीन चालवा. सरळ रेघेत पातं लाकडाच्या रेषेमागे ओढलं जात असेल तर वेग कमी करा किंवा एक नंबर जाड पातं लावा. आडव्या रेघेच्या खालच्या कडेला तूस निघत असेल तर बारीक पातं लावा, किंवा खाली टाकाऊ प्लायचा पातळ तुकडा चिकटवून दोन्ही एकत्र कापा. गोलात कड तपकिरी झाली तर चिकटपट्टी लावा आणि हाताचा दाब कमी करा. धूर येत असेल तर पातं गेलंय, बदला.

मग तो तुकडा मोडून बघा, रेषेला आडवा, अंगठ्यांनी. किती रुंदीवर तुटतो ते लक्षात ठेवा आणि नक्षीच्या कागदावर पेन्सिलने गोल केलेल्या जागा पुन्हा तपासा. त्यातली एखादी तेवढी बारीक निघाली तर ती दोन-तीन मिलिमीटरने रुंद करा, आणि मगच कागद फळीवर चिकटवा.